कर्करोगाची गोळी, पेटंट आणि ‘हे तर कोणालाही सुचले असते’

आपल्या अभ्यासिकेत घडलेल्या एका साध्या प्रसंगातून हा लेख लिहिण्याची कल्पना आली. आपल्या एका सभासद बंधूंना काही वर्षांपूर्वी रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. घरात रडारड झाली, नातेवाईक जमले, कर्जाची चौकशी सुरू झाली. परंतु डॉक्टरांनी रोज घ्यावयाची एक गोळी लिहून दिली आणि आज ते बंधू नियमित कामावर जातात, संध्याकाळी अभ्यासिकेची किल्लीही तेच सांभाळतात. त्या गोळीचे नाव इमॅटिनिब. एका संध्याकाळी कायद्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांना सांगितले, “काका, हीच गोळी एके काळी महिन्याला एक लाख वीस हजार रुपयांना मिळत होती.” ते क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, “मग ती स्वस्त कोणी केली?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला एका वाक्यात देता आले नाही. ते उत्तर रसायनशास्त्रात आहे, कायद्यात आहे आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील न्यायालयांच्या निकालपत्रांत विखुरलेले आहे. सभासद बंधू-भगिनींना आणि विशेषत: विद्यार्थ्यांना ते सोप्या शब्दांत कळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कायनेज म्हणजे काय?

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीला केव्हा वाढायचे, केव्हा विभागायचे आणि केव्हा थांबायचे याचे निरोप सतत मिळत असतात. हे निरोप पोचवण्याचे काम काही विकरे करतात. त्यांपैकी एका मोठ्या कुटुंबाला कायनेज असे म्हणतात. माणसाच्या शरीरात अशी पाचशेहून अधिक कायनेज आहेत. त्यांचे काम एकाच पद्धतीने चालते. पेशीतील एटीपी नावाच्या ऊर्जावाहक रेणूकडून फॉस्फेटचा एक गट घ्यायचा आणि तो दुसऱ्या प्रथिनावर नेऊन बसवायचा. फॉस्फेट बसला की ते प्रथिन जागे होते, जणू दिव्याचे बटण दाबले जाते. काम संपले की बटण बंद होते.

कधी कधी हे बटण दाबलेलेच राहते. मग पेशीला ‘वाढ, वाढ’ असा एकच निरोप मिळत राहतो आणि त्यातून कर्करोग निर्माण होतो. आपल्या सभासद बंधूंना झालेला आजार, म्हणजे दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया, हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक नेहमीपेक्षा लहान गुणसूत्र आढळले. १९७३ मध्ये जॅनेट राऊली यांनी दाखवून दिले की, नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्यामुळे असे घडते. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचे एक विकृत कायनेज तयार होते आणि त्याचे बटण कधीच बंद होत नाही.

आता उपाय काय? कायनेजच्या अंगावर एक खाच असते. एटीपीचा रेणू तेथे येऊन बसतो. त्या खाचेत दुसराच एखादा रेणू आधी जाऊन बसला, तर एटीपीला जागा मिळत नाही आणि बटण दाबले जात नाही. कायनेज रोखणारी बहुतेक औषधे याच युक्तीवर चालतात. स्वित्झर्लंडमधील कंपनीत युर्ग झिमरमन आणि निकोलस लायडन यांनी, अमेरिकेतील डॉ. ब्रायन ड्रुकर यांच्या सहकार्याने, बीसीआर-एबीएलच्या खाचेत बसणारा रेणू विकसित केला. तोच इमॅटिनिब होय. मे २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. कर्करोगाच्या उपचारातील हा एक मोठा टप्पा होता, हे कोणीही नाकारीत नाही. वाद आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

पेटंट कशासाठी आणि कोणाला?

पेटंट म्हणजे समाजाने शोधकाशी केलेला एक करार आहे. शोधकाने आपला शोध सर्वांना समजेल असा लिहून द्यायचा आणि त्याबदल्यात समाजाने त्याला वीस वर्षे मक्तेदारी द्यायची. त्या मुदतीत त्याच्या परवानगीशिवाय ती वस्तू कोणी तयार करू शकत नाही आणि विकू शकत नाही. मुदत संपली की शोध सर्वांचा होतो.

मक्तेदारी ही समाजाच्या दृष्टीने महाग वस्तू आहे. म्हणून ती देण्याआधी कायदा तीन मुख्य प्रश्न विचारतो. ही गोष्ट नवी आहे काय? तिचा उद्योगात उपयोग होतो काय? आणि तिसरा, सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे, ती त्या क्षेत्रातील जाणकार माणसाला सहज सुचण्याजोगी होती काय? ती सहज सुचण्याजोगी असेल, तर पेटंट मिळत नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात यालाच शोधाचे पाऊल म्हटले आहे. आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, अथवा दोन्ही असले पाहिजे आणि त्यामुळे तो शोध जाणकाराला उघड वाटणारा नसला पाहिजे, असा त्या व्याख्येचा आशय आहे.

एक घरगुती उदाहरण घेऊ. पितळी किटलीची मूठ तापते म्हणून कोणी तिला लाकडी मूठ बसवली. अशी किटली आधी बाजारात नसेल, तर ती नवी आहे. ती उपयोगीही आहे. परंतु लाकूड लवकर तापत नाही हे प्रत्येक कारागिराला माहीत असते, म्हणून ही मूठ बसवणे सहज सुचण्याजोगे आहे. अशा बदलाला वीस वर्षांची मक्तेदारी दिली, तर उद्या प्रत्येक कारागिराला आपले रोजचे काम करताना परवानगी मागत फिरावे लागेल.

आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर खरोखरच असा एक खटला भांड्यांच्या बाबतीत आला होता. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा त्याचा निकाल डिसेंबर १९७८ मध्ये लागला. लेथवर भांडी घट्ट धरून त्यांना झिलई देण्याच्या साधनाचे ते पेटंट होते. कारखान्यातील नेहमीच्या कामात होणारी सुधारणा आणि शोध यांत फरक आहे, सुधारणेत कल्पकतेचा अंश असल्याशिवाय तिला पेटंट मिळू शकत नाही, असे सांगून न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवले. भांड्यांच्या या निकालाचा आधार आजही कर्करोगाच्या औषधांच्या खटल्यांत घेतला जातो, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे.

रेणूच्या बाबतीत ‘सहज’ म्हणजे काय?

किटलीची मूठ डोळ्यांना दिसते. रेणूचे तसे नाही. एखाद्या औषधी रेणूचा मूळ सांगाडा माहीत असला, तरी त्याच्या कडेला असलेला एखादा गट बदलला की औषध अधिक गुणकारी होऊ शकते, निरुपयोगी होऊ शकते किंवा विषारीही होऊ शकते. एका सांगाड्यावर पाच जागा आणि प्रत्येक जागी दहा पर्याय असे धरले, तरी एक लाख रेणू होतात. त्यातला एक निवडणे सहज होते काय? रसायनशास्त्रज्ञ एक उत्तर देतो, प्रतिस्पर्धी कंपनीचा वकील दुसरे देतो.

शिवाय येथे एक मोठा धोका असतो. कोडे घातले की आपण विचार करीत बसतो. उत्तर कळले की लगेच म्हणतो, “हे तर सोपेच होते!” पेटंटच्या वादात न्यायाधीशांना औषध आधीच माहीत असते. तेथून मागे वळून पाहिले, तर शोधाकडे जाणारी वाट सरळ वाटते. मात्र शोध लागण्यापूर्वी त्या जागी उभ्या असलेल्या माणसाला चारही दिशांना वाटा दिसत होत्या. म्हणून मागाहून आलेले शहाणपण बाजूला ठेवावे, असे सर्व देशांची न्यायालये बजावतात. त्याच वेळी उलट धोकाही असतो. प्रत्येक बारीक बदल ‘अनपेक्षित’ म्हणून खपवला, तर एकाच औषधावर एकामागून एक पेटंट मिळत जाईल आणि वीस वर्षांची मुदत कधी संपणारच नाही.

एर्लोटिनिब : दिल्लीतील खटला

हा पेच समजण्यासाठी एर्लोटिनिबचे उदाहरण उत्तम आहे. फुफ्फुसाच्या कर्करोगावरील या गोळीचे लक्ष्य ईजीएफआर नावाचे कायनेज आहे. रॉश कंपनी हे औषध टार्सिव्हा या नावाने विकत होती आणि फेब्रुवारी २००७ मध्ये त्याचे भारतीय पेटंट मंजूर झाले. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००८ च्या सुरुवातीला तेच औषध एर्लोसिप या नावाने बाजारात आणले. रॉशची एक गोळी ४,८०० रुपयांना, तर सिप्लाची १,६०० रुपयांना होती. रॉश दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

सिप्लाचा एक मुख्य बचाव ‘सहज सुचण्याजोगे’ हाच होता. एर्लोटिनिबचा सांगाडा, म्हणजे क्विनाझोलिन, आधीच प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय पेटंटमध्ये होता. त्यातील एक्कावन्नाव्या उदाहरणातला रेणू एर्लोटिनिबच्या फार जवळचा होता. त्या रेणूत एका जागी मिथाइल गट होता आणि एर्लोटिनिबमध्ये त्याच जागी एथिनाइल गट आहे. मिथाइल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. एथिनाइल म्हणजे तिहेरी बंधाने जोडलेले दोन कार्बन आणि टोकाला एक हायड्रोजन. असा बदल कोणत्याही औषध-रसायनज्ञाला सुचला असता, असे सिप्लाचे म्हणणे होते.

१९ मार्च २००८ रोजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी सिप्लाला तात्पुरती मनाई करण्यास नकार दिला. जीव वाचवणारे औषध स्वस्तात मिळत असताना ते बाजारातून काढून घेतले, तर रुग्णांचे होणारे नुकसान पैशाने भरून देता येणार नाही, हा विचार त्यात महत्त्वाचा ठरला. २००९ मध्ये न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती मुरलीधर यांच्या खंडपीठाने तो आदेश कायम ठेवला.

परंतु तात्पुरता आदेश वेगळा आणि अंतिम निकाल वेगळा. २०१२ मध्ये एकल न्यायाधीशांनी पेटंट वैध ठरवले, मात्र सिप्लाने त्याचा भंग केलेला नाही असे म्हटले. २७ नोव्हेंबर २०१५ रोजी खंडपीठाने पेटंट वैध असल्याचे तर सांगितलेच, शिवाय सिप्लाने त्याचा भंगही केला असे ठरवले. पेटंटची मुदत मार्च २०१६ मध्ये संपणार होती. म्हणून विक्री थांबवण्याचा आदेश न देता सिप्लाला नफ्याचा हिशेब देण्यास सांगण्यात आले.

या निकालात खंडपीठाने ‘सहज सुचण्याजोगे’ तपासण्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली, त्या क्षेत्रातील सर्वसाधारण जाणकार माणूस कोण, हे ठरवा. दुसरी, पेटंटमधील शोधाचा गाभा ओळखा. तिसरी, पेटंटच्या तारखेला त्या जाणकाराला सर्वसामान्यपणे काय माहीत होते, ते पाहा. तो जाणकार कुशल आहे, पण कल्पक नाही, असे मानायचे असते. चौथी, जुने ज्ञान आणि नवा शोध यांतील फरक कोणते, ते मांडा. पाचवी, ते फरक त्या जाणकाराला सहज सुचले असते काय, हे मागाहूनचे शहाणपण टाळून ठरवा. या कसोटीवर सिप्लाचे आव्हान सिद्ध झाले नाही. एका गटाचा फरक कागदावर लहान दिसत असला, तरी तोच बदल त्याच जागी का करावासा वाटला असता, हे पुराव्याने दाखवावे लागते, असा धडा यातून घेता येतो.

तेच औषध, अमेरिकेतील वाद

याच एर्लोटिनिबवर अमेरिकेतही वाद झाला, पण प्रश्न निराळा होता. फुफ्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगावर हे औषध वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट ओएसआय कंपनीकडे होते. अपोटेक्स या कंपनीने त्याला आव्हान दिले. तिचे म्हणणे असे की, रेणू आधीच माहीत होता. एका आढावा-लेखात या कर्करोगावर त्याचा उपयोग दिसतो असे म्हटले होते आणि खुद्द ओएसआयच्या वार्षिक अहवालात चाचण्यांचा उल्लेख होता. मग उरले काय? पेटंट कार्यालयाच्या मंडळाला हे पटले आणि त्याने पेटंटमधील आव्हान दिलेले दावे अवैध ठरवले.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी तेथील फेडरल सर्किट न्यायालयाने हा निर्णय उलटवला. न्यायालयासमोर एक आकडा होता. १९९० ते २००५ या काळात या कर्करोगासाठी १,६३१ नवी औषधे चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यात गेली आणि त्यांपैकी फक्त सातांना मान्यता मिळाली. ज्या क्षेत्रात शंभरातील नव्याण्णवांहून अधिक प्रयत्न फसतात, तेथे ‘चाचणी चालू आहे’ एवढ्या माहितीवरून यशाची वाजवी अपेक्षा धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र प्रत्येक प्रकरणात रुग्णांवरील आकडेवारी हवीच, असा नियम आपण घालत नाही, असेही स्पष्ट केले.

करून पाहण्यासारखी वाट आणि यश मिळेल असे वाटणारी वाट यांत फरक आहे, हा या निकालाचा गाभा होय. परीक्षेला बसणे सर्वांनाच सुचते, पण उत्तीर्ण होण्याची वाजवी अपेक्षा धरण्यासाठी काहीतरी आधार लागतो.

ग्लिवेक : कायद्यातील आणखी एक दार

आता आपल्या सभासद बंधूंच्या गोळीकडे वळू. इमॅटिनिबच्या मूळ रेणूचे पेटंट झिमरमन यांच्या नावाने अमेरिकेसह अनेक देशांत होते. त्या काळात भारतात औषधी पदार्थावर पेटंट मिळत नव्हते, ते फक्त बनवण्याच्या प्रक्रियेवर मिळत असे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या पायावर उभ्या राहिलेल्या १९७० च्या कायद्याची ती व्यवस्था होती आणि तिच्यामुळेच भारतीय औषध उद्योग वाढला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून पदार्थावरील पेटंट देणे भारताला भाग पडले.

नोव्हार्टिस कंपनीने १९९८ मध्ये चेन्नई येथे अर्ज केला, तो मूळ रेणूसाठी नव्हता. इमॅटिनिबच्या मेसिलेट क्षाराच्या बीटा नावाच्या स्फटिकरूपासाठी तो अर्ज होता. दरम्यान नोव्हेंबर २००३ मध्ये कंपनीला विक्रीचे एकाधिकार मिळाले. त्यांच्या आधारे मद्रास उच्च न्यायालयाने काही भारतीय कंपन्यांना मनाई केली, तर मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई देण्यास नकार दिला. विद्यार्थ्याने सांगितलेला एक लाख वीस हजारांचा आकडा हा कंपनीच्या औषधाचा आहे. भारतीय कंपन्यांची तीच औषधे महिन्याला आठ ते दहा हजार रुपयांच्या घरात होती. कंपनी अनेक रुग्णांना हे औषध मोफत देत होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. परंतु मोफत मिळणे ही देणाऱ्याची मर्जी असते आणि स्वस्त मिळणे हा बाजारातील हक्क असतो.

अर्जाला भारतीय कंपन्यांबरोबरच मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेनेही हरकत घेतली. जानेवारी २००६ मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. झिमरमन पेटंटमध्ये हे आधीच उघड झाले होते, ते जाणकाराला सहज सुचण्याजोगे होते आणि कलम ३(ड) ची अट पूर्ण होत नाही, अशी कारणे त्यात होती. २००९ मध्ये अपील मंडळाने पहिली दोन कारणे मान्य केली नाहीत. शोध नवा आहे आणि सहज सुचणारा नाही, असे मंडळ म्हणाले. परंतु कलम ३(ड) मुळे पेटंट देता येत नाही, असे ठरवून अर्ज नाकारला.

हे कलम ३(ड) काय आहे? आधी माहीत असलेल्या पदार्थाचे नुसते नवे रूप, म्हणजे त्याचा क्षार, एस्टर, स्फटिक इत्यादी, जोपर्यंत मूळ पदार्थाच्या परिणामकारकतेत वाढ करीत नाही, तोपर्यंत तो शोध मानला जाणार नाही, असे ते सांगते. २००५ च्या दुरुस्तीने त्याला आजचे स्वरूप मिळाले. ‘सहज सुचण्याजोगे’ या कसोटीहून हे दार वेगळे आहे. तेथे प्रश्न असतो, जाणकाराला सुचले असते काय? येथे प्रश्न असतो, रुग्णाला अधिक गुण येतो काय? कितीही चतुर स्फटिक तयार केला, तरी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते.

१ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी नोव्हार्टिसचे अपील फेटाळले. मेसिलेट क्षार झिमरमन पेटंटमुळे आधीच माहीत होता, असे त्यांनी ठरवले. बीटा स्फटिक अधिक सहज वाहतो, अधिक स्थिर राहतो आणि ओलावा कमी शोषतो हे खरे, पण हे गुण गोळी बनवणाऱ्याच्या सोयीचे आहेत. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची परिणामकारकता होय. शरीरात औषध तीस टक्के अधिक उपलब्ध होते, हा दावाही केवळ आकडा म्हणून पुरेसा नाही, त्याने रुग्णाला अधिक गुण येतो हे पुराव्याने दाखवले पाहिजे, असे न्यायालय म्हणाले. लहान लहान टप्प्यांनी होणाऱ्या सर्वच सुधारणांना पेटंट नाही, असा या निकालाचा अर्थ नव्हे, असेही न्यायालयाने बजावले आहे. हा भाग अनेकदा विसरला जातो.

आणखी एक वाट

पेटंट वैध असले, म्हणजे सर्व दारे बंद झाली असे नाही. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब हेही कायनेज रोखणारेच औषध आहे. बायर कंपनीच्या या औषधाचा महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये होता. हैदराबादच्या नॅटको कंपनीने मुंबई येथील पेटंट कार्यालयात सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला. ९ मार्च २०१२ रोजी तो मंजूर झाला आणि किंमत महिन्याला ८,८८० रुपये ठरवण्यात आली. बायरला विक्रीवर स्वामित्वशुल्क मिळाले. अपील मंडळाने त्याचा दर सहा टक्क्यांवरून सात टक्के केला. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा परवाना कायम ठेवला. येथे शोध सहज सुचण्याजोगा होता असे कोणी ठरवले नाही. पेटंट टिकले, परंतु लोकांना परवडेल अशा किमतीत औषध मिळत नसेल, तर मक्तेदारीला मर्यादा घालता येते, हे सिद्ध झाले.

दोन्ही बाजू

आम्हाला येथे एकाच बाजूची वकिली करावयाची नाही. १,६३१ पैकी सात हा आकडा पुन्हा वाचा. फसलेल्या सोळाशेहून अधिक प्रयत्नांवरही कोणीतरी पैसा आणि आयुष्य घातलेले असते. खऱ्या शोधाला संरक्षण नसेल, तर आपल्या सभासद बंधूंची गोळी कदाचित तयारच झाली नसती. दुसऱ्या बाजूला, जुन्या शोधाला नवा कपडा घालून मक्तेदारी वाढवली, तर गोळी तयार असूनही ती त्यांच्या हातात पडली नसती. ‘सहज सुचण्याजोगे’ या कसोटीचे काम या दोन टोकांमधली रेघ आखण्याचे आहे. ती रेघ एकदाच आखून मोकळे होता येत नाही, प्रत्येक रेणूसाठी ती नव्याने आखावी लागते.

२०२१ मध्ये अपील मंडळ बंद झाले आणि ही कामे उच्च न्यायालयांकडे आली. मार्च २०२४ च्या नियमांनुसार पेटंट मिळण्यापूर्वीच्या हरकतीला शुल्क लागते आणि ती ग्राह्य आहे काय, हे अधिकारी आधी तपासतो. तरीही कायद्यातील कलम २५(१) चा मूळ हक्क कायम आहे. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. त्यासाठी कंपनी असावे लागत नाही. मात्र हरकत म्हणजे घोषणा नव्हे. जुना लेख, जुने पेटंट, त्यातील नेमके उदाहरण आणि त्यावरून जाणकाराला काय सुचले असते याचे तर्कशुद्ध विवेचन, हे सारे मांडावे लागते. ते करण्यासाठी रसायनशास्त्र जाणणारी आणि कायदा जाणणारी माणसे हवीत.

आपल्या अभ्यासिकेत दोन्ही विषयांचे विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने कायद्याचे पुस्तक परके मानू नये आणि कायद्याच्या विद्यार्थ्याने सांगाडा, गट, स्फटिक हे शब्द पाहून पान उलटू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. निकालपत्रे आता सर्वांना वाचायला खुली आहेत. एखादे तरी निकालपत्र पूर्ण वाचावे, त्यातील दोन्ही बाजूंचा युक्तिवाद वहीत उतरवून काढावा आणि मग स्वत:चे मत बनवावे.

इमॅटिनिब २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले आणि भारताच्या राष्ट्रीय यादीतही ते आहे. आपल्या सभासद बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. त्यांची गोळी कोणा एकाने स्वस्त केली नाही. रेणू शोधणारे शास्त्रज्ञ, तो बनवू शकणारे इथले कारखाने, विचारपूर्वक लिहिलेले एक कलम, हरकत घेणारी रुग्णांची एक संस्था आणि कागद बारकाईने वाचणारे अधिकारी व न्यायाधीश, या साऱ्यांनी मिळून ती त्यांच्या हातापर्यंत पोचवली. हे उत्तर आम्ही त्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे वाचणारी माणसे उपयोगी पडली.” आणि नेहमीप्रमाणे त्यांनी अभ्यासिकेचे कुलूप उघडले.